जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकच्या पार्टच्या धंद्यात नोकरी : परवान्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत

१९४७ ते १९८७ या काळातले शेव्हरोले, जीएमसी, फोर्ड आणि डॉज पिकअप ट्रक पुन्हा नव्यासारखे करणारे लोक अमेरिकेत गावोगावी आहेत. त्यांना लागणारी जवळपास प्रत्येक वस्तू, दरवाजाच्या रबरापासून अख्ख्या केबिनपर्यंत, आज नव्याने बनते आणि कॅटलॉगमधून विकली जाते. कॅन्ससमधल्या लेनेक्साची एलएमसी ट्रक, मिझुरीतल्या रिव्हरसाइडची क्लासिक पार्ट्स ऑफ अमेरिका, कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचची क्लासिक इंडस्ट्रीज, फ्लोरिडातल्या ओकालाचा नॅशनल पार्ट्स डेपो, नॉर्थ कॅरोलायनात काँकर्डची डेनिस कारपेंटर ही त्यातली ठळक नावं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा धंदा सहसा माहीत नसतो, आणि माहीत झाला तरी ‘आपल्याला गाड्यांतलं काय कळतं’ म्हणून तो मागे हटतो.

इथे पाना चालवण्यापेक्षा नेमका प्रश्न विचारण्याला जास्त किंमत आहे. चुकीचा पार्ट गेला की जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं, खराब झालेलं खोकं आणि चिडलेलं गिऱ्हाईक असा चौपट खर्च कंपनीच्या डोक्यावर बसतो. ती चूक जो होऊ देत नाही त्याला हे लोक हातचा सोडत नाहीत. पुढचे सगळे टप्पे हे लक्षात ठेवून वाचा.

१. आधी कामाचा परवाना तपासा

नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल तर हा टप्पा सोडा. बाकीच्यांनी नीट वाचावा.

एच-४ वर (एच-१बी धारकाचे जोडीदार) असाल तर ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, हातात येईपर्यंत एक तासही काम करू नका. हे कार्ड सगळ्या एच-४ जोडीदारांना मिळत नाही. एच-१बी धारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर असावा लागतो, किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवलेला असावा लागतो. एल-२ जोडीदारांना वेगळं कार्ड काढावं लागत नाही, पण आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) वर ‘एल-२एस’ अशी नोंद आहे ना, हे पाहा. नुसतं ‘एल-२’ असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर ओपीटीमध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, असाल तर काम तुमच्या पदवीच्या विषयाशी थेट जोडलेलं हवं. मेकॅनिकलवाल्याला पार्ट विकसित करण्याचं काम चालेल, सप्लाय चेनवाल्याला खरेदी विभाग चालेल, कॉम्प्युटरवाल्याला कॅटलॉगचा डेटा चालेल. गोदामात माल उचलण्याचं काम यात बसत नाही. पुढची २४ महिन्यांची स्टेम मुदतवाढ हवी असेल तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाचा परवाना तपासण्याची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदलेली असावी लागते. हे नोकरी स्वीकारण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

फोनवर पार्ट विकण्याच्या जागेवर एच-१बी मिळेल अशी आशा धरू नका. त्या कामाला विशिष्ट विषयातली पदवी लागत नाही, त्यामुळे ते नियमात बसतच नाही.

सापळा : रविवारच्या जुन्या पार्टच्या बाजारात एखाद्याच्या टेबलावर उभं राहून रोख पैसे घेणं हेही परवान्याशिवायचं कामच ठरतं. ‘एकच दिवस तर आहे’ म्हणून ते करू नका.

२. कोणत्या टेबलावर बसायचं ते ठरवा

फोन आणि काउंटर. सर्वात जास्त जागा इथे निघतात. गिऱ्हाईक फोन करतं, तुम्ही ट्रक ओळखता, पार्ट शोधता, ऑर्डर घेता.

परतावा. परत आलेला माल तपासून तो पुन्हा विकायला ठेवायचा, पुरवठादाराकडे पाठवायचा की फेकायचा हे ठरवणारा विभाग. कुणी हौसेने इथे येत नाही, पण नवख्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. कुठला पार्ट कुठल्या वर्षाला बसत नाही, आणि का, हे रोज पुराव्यासकट समोर येतं.

गोदाम. माल काढणं, बांधणं, उतरवून घेणं. जाहिरातीत बहुधा ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलो, उचलता येण्याची अट असते. फोर्कलिफ्ट चालवायचं असेल तर वय किमान १८ हवं आणि प्रशिक्षण व प्रत्यक्ष चाचणी त्या मालकानेच घ्यावी लागते. ऑनलाइन पैसे भरून मिळणाऱ्या ‘फोर्कलिफ्ट कार्डा’ने नव्या मालकाची ही जबाबदारी सुटत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

कॅटलॉग आणि डेटा. आयटीतून आलेल्यांसाठी ही सर्वात जवळची वाट. या धंद्यात ऑटो केअर असोसिएशनची दोन मानकं चालतात. एसीईएस सांगतं की कुठला पार्ट कुठल्या वर्षाच्या, कंपनीच्या, मॉडेलच्या गाडीला बसतो. पीआयईएस त्या पार्टचं वजन, मापं, किंमत, फोटो, बारकोड सांगतं. दोन्ही फाइली एक्सएमएल असतात, त्यामुळे तांत्रिक भाग अवघड नाही. अवघड आहे ते पुढे तिसऱ्या टप्प्यात येईल : एकाच वर्षात दोन वेगळे ट्रक असतात आणि ‘वर्ष, कंपनी, मॉडेल’ एवढ्याने ते वेगळे पडत नाहीत. तिथे जोडटीप लिहावी लागते. ती कोणत्या पार्टला लिहायची हे ट्रक कळल्याशिवाय समजत नाही.

खरेदी आणि नवे पार्ट. चाकण, भोसरी, सातपूर किंवा वाळूजला प्रेस टूल, रबर मोल्डिंग, कास्टिंग किंवा क्वालिटीमध्ये काम केलं असेल तर इकडे सरळ अर्ज करा. पत्र्याचे पार्ट बऱ्याचदा परदेशात, विशेषतः तैवानमध्ये बनतात. पहिला नमुना तपासणं, डायच्या दुरुस्तीवर पुरवठादाराशी बोलणं आणि जुन्या मूळ पार्टवरून माप घेणं हे रोजचं काम. पीपीएपीची (नव्या पार्टच्या मंजुरीची) फाइल हाताळलेला माणूस अशा खात्याला लगेच उपयोगी पडतो. तयारीसाठी दोन-तीन गोष्टी पाठ करा. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाड, २० गेजचा ०.९. गिऱ्हाईक हा फरक नेहमी विचारतं. पत्र्यावरचा काळा ईडीपी (विजेच्या साहाय्याने चढवलेला) थर गंजापासून वाचवण्यासाठी असतो. रंग देण्याआधी तो घासून त्यावर प्रायमर मारावा लागतो. दरवाजाचं चांगलं रबर ईपीडीएम या कृत्रिम रबराचं असतं, उन्हात लवकर तडकत नाही.

ध्येय डेटा किंवा खरेदीचं असलं तरी सुरुवातीचे सहा महिने फोन किंवा परताव्यावर मिळत असतील तर घ्या. त्या अनुभवाशिवाय केलेला डेटा चुकीचा निघतो आणि ती चूक हजारो ऑर्डरींत पसरते.

३. पिढ्या पाठ करा

इथेच मुलाखत जिंकता येते, त्यामुळे वेळ इथे घाला. या धंद्यात लोक वर्षापेक्षा पिढीवरून बोलतात, आणि पिढीच्या आतही मध्येच बदललेले पार्ट असतात. खरी परीक्षा त्या मधल्या बदलांची.

शेव्हरोले-जीएमसी, १९४७ ते १९५५ पहिली मालिका. ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’. हा ट्रक १९४७ च्या मध्यावर आला, त्यामुळे ‘१९४७’ म्हणणाऱ्याकडे आधीच्या धाटणीचाही असू शकतो. १९५१ मध्ये दरवाजात त्रिकोणी हवेची काच आली, १९५२ मध्ये दाबायचं बटण असलेला बाहेरचा हँडल. १९५४ मध्ये समोरची जाळी (ग्रिल) बदलली आणि समोरची दोन तुकड्यांची काच एकसंध झाली. १९५३ पर्यंतचं २१६ घनइंची इंजिन जाऊन २३५ चं आलं. अर्ध्या टनाच्या ट्रकमध्ये १९५४ पर्यंत बंद नळीतला प्रोपेलर शाफ्ट होता, म्हणून त्यात गिअरबॉक्स बदलणाऱ्याला मागचा अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. त्याला हे आधीच सांगा.

१९५५ दुसरी मालिका ते १९५९. ‘टास्क फोर्स’. मार्च १९५५ मध्ये पूर्ण नवा ट्रक आला : कडेला वळलेली समोरची काच, ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्ट. म्हणजे १९५५ या एकाच वर्षाचे दोन ट्रक आहेत आणि त्यांचा जवळपास कुठलाच बॉडी पार्ट एकमेकांना बसत नाही. १९५८ पासून पुढे चार हेडलाइट. शेव्हरोलेच्या या दोन्ही पिढ्यांत ३१०० म्हणजे अर्धा टन, ३६०० म्हणजे पाऊण, ३८०० म्हणजे एक टन. शिवाय टास्क फोर्समध्ये ३२०० म्हणजे लांब हौद्याचा अर्धा टन. १९६० पासून हीच नावं सी-१०, सी-२०, सी-३० अशी झाली.

१९६० ते १९६६. १९६० ते ६२ पुढे टॉर्शन बार, १९६३ पासून कॉइल स्प्रिंग. १९६४ मध्ये समोरची काच आणि तिचे खांब बदलले. बॉनेट १९६०-६१ चं वेगळं, १९६२ पासूनचं वेगळं.

१९६७ ते १९७२. विक्रीचा मोठा हिस्सा या पिढीचा आहे. जाळ्या तीन : ६७-६८, ६९-७०, ७१-७२. बॉनेट ६७-६८ चं एक, ६९ पासून दुसरं. १९६८ पासून कडेला दिवे आले, म्हणून १९६७ च्या मडगार्डला ते भोक नाही. १९७१ मध्ये पुढे डिस्क ब्रेक आले आणि दोन चाकांच्या ओढीच्या अर्ध्या टनाला सहाऐवजी पाच नटांची चाकं आली. १९७२ च्या दरवाजाची आतली बाजू त्या एकाच वर्षाची. शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाला मागे बहुधा कॉइल, जीएमसीला बहुधा पाटे. पण दोन्हींना उलट पर्याय मिळत होता, म्हणून विचारल्याशिवाय मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर विकू नका.

१९७३ ते १९८७. ‘स्क्वेअर बॉडी’. १९८१ मध्ये पुढचा सगळा पत्रा बदलला, म्हणून बॉनेट आणि मडगार्ड ७३-८० आणि ८१-८७ असे दोन गटांत. १९८७ मध्ये फ्युएल इंजेक्शन. चार दरवाजांचे ट्रक, ब्लेझर आणि सबर्बन याच धाटणीत १९९१ पर्यंत चालले.

फोर्ड. १९४८-५२, १९५३-५६, १९५७-६०, १९६१-६६, १९६७-७२, १९७३-७९, १९८०-८६. यात १९५६ चा ट्रक एकट्या वर्षाचा समजा : वळलेली समोरची काच आणि १२ व्होल्ट त्याच वर्षी आले. त्याआधीचे फोर्ड ६ व्होल्टचे आणि पॉझिटिव्ह अर्थचे (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेले), हे विसरून कुणाला आधुनिक रेडिओ विकलात तर तो जळतो. १९६५ मध्ये पुढे ट्विन आय-बीम हा नव्या धर्तीचा अ‍ॅक्सल आला, त्यामुळे ६१-६४ आणि ६५-६६ चे पुढच्या चाकांखालचे पार्ट वेगळे. गिऱ्हाईक ६७-७२ ला ‘बंपसाइड’ आणि ७३-७९ ला ‘डेंटसाइड’ म्हणतं. एफ-१५० हे नाव १९७५ पासूनचं.

डॉजचे पार्ट तुलनेने कमी बनतात. पिढ्यांची तोंडओळख सुरुवातीला पुरते.

हौद्याची नावं प्रत्येक कंपनीची वेगळी आहेत आणि नवखा इथे हमखास अडखळतो. मडगार्ड बाहेर असलेला अरुंद हौदा शेव्हरोलेचा स्टेपसाइड, जीएमसीचा फेंडरसाइड, फोर्डचा फ्लेअरसाइड, डॉजचा युटिलाइन. सपाट बाजूंचा रुंद हौदा अनुक्रमे फ्लीटसाइड, वाइडसाइड, स्टाइलसाइड, स्वेप्टलाइन. लांबी बहुतेक वेळा साडेसहा किंवा आठ फूट. गिऱ्हाइकाला लांबी सांगता येत नसेल तर दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायला सांगा : शेव्हरोले ६७-७२ मध्ये ११५ इंच म्हणजे आखूड, १२७ म्हणजे लांब, ७३-८७ मध्ये ११७.५ आणि १३१.५.

पाठ करायची पद्धत : कंपन्यांचे छापील कॅटलॉग बहुधा फुकट मागवता येतात. एकच पिढी घ्या, तिचा कॅटलॉग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा आणि जिथे जिथे वर्षं तुटतात तिथे ‘का तुटली’ ते वहीत लिहा. एक पिढी पक्की असलेला उमेदवार सगळं वरवर माहीत असलेल्यापेक्षा कामाचा.

४. आकडे वाचायला शिका

१७ अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) १९८१ पासूनचा. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती.

१९७० च्या शेव्हरोलेवर ‘सीई१४०’ अशी सुरुवात दिसली तर : सी म्हणजे दोन चाकांची ओढ (के असेल तर चारही), ई म्हणजे व्ही-८ (एस म्हणजे सहा सिलिंडर), १ म्हणजे अर्धा टन, ४ म्हणजे पिकअप, ० म्हणजे १९७०. पुढे कारखान्याचं अक्षर आणि क्रमांक. १९७२ मध्ये सर्वांत पुढे एक अक्षर वाढलं : शेव्हरोलेला सी, जीएमसीला टी. या पिढीत ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत एक कागदी पट्टी चिकटवलेली असे, तिच्यावर कारखान्यातून बसवलेल्या पर्यायांचे कोड असतात. ती टिकली असेल तर फोटो मागवा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

१९६८ ते ७२ च्या फोर्डला एफ१० म्हणजे एफ-१००, एफ११ म्हणजे तोच फोर-व्हील, एफ२५ आणि एफ२६ ही एफ-२५० ची तशीच जोडी. चौथं अक्षर इंजिनाचं : वाय म्हणजे ३६०, एच म्हणजे ३९०.

फोर्डच्या पार्ट क्रमांकात अर्थ असतो. ‘सी७टीझेड-१६६१२’ मध्ये सी म्हणजे १९६० चं दशक (बी ५०, डी ७०, ई ८०), ७ म्हणजे १९६७, टी म्हणजे ट्रक, झेड म्हणजे सुटा विकायचा पार्ट, १६६१२ म्हणजे बॉनेट. दोन सापळे आहेत. पहिला, ते वर्ष पार्ट प्रथम आल्याचं आहे, ट्रकचं नव्हे. दुसरा, पार्टवर ओतलेला किंवा ठोकलेला क्रमांक आणि कॅटलॉगमधला क्रमांक एकच नसतो. जीएमचे सात आकडी क्रमांक असे फोडून वाचता येत नाहीत, ते शोधावेच लागतात.

आणि कुठल्याही आकड्यावर आंधळा विश्वास नको. ५०-६० वर्षांत केबिन बदललेली असते, पुढचा पत्रा दुसऱ्या वर्षाचा असतो, काही राज्यांत जुने ट्रक इंजिन क्रमांकावर नोंदलेले असतात. कागदावर १९५५ असलं तरी ‘समोरची काच कडेला वळलेली आहे का?’ हे विचाराच.

५. फोनवरची भाषा सुधारा

इंग्रजी येणं आणि फोनवर पार्ट क्रमांक बिनचूक देणं-घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडून चुका ठराविक ठिकाणी होतात.

डावं-उजवं. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, अमेरिकेत डावीकडे. ट्रकमध्ये बसून समोर पाहताना जी डावी बाजू, ती इथे ‘लेफ्ट’ आणि तीच ‘ड्रायव्हर साइड’. प्रत्येक ऑर्डरमध्ये दोन्ही शब्द उच्चारून खात्री करा. समोर उभं राहून बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचं डावं उलटं असतं.

शब्द. बॉनेट म्हणजे हूड, मडगार्ड म्हणजे फेंडर, सायलेन्सर म्हणजे मफलर, स्टेपनी म्हणजे स्पेअर, पाना म्हणजे रेंच, डायनॅमो म्हणजे जनरेटर, इंडिकेटर म्हणजे टर्न सिग्नल, प्रोपेलर शाफ्ट म्हणजे ड्राइव्हशाफ्ट. स्टेपनी म्हटलंत तर समोरच्याला काहीच कळणार नाही.

अक्षरं. झेडला ‘झी’ म्हणा. फोर्डच्या क्रमांकांत ते सतत येतं. व्ही आणि डब्ल्यू आपल्या तोंडून सारखे ऐकू येतात, म्हणून ‘व्ही फॉर व्हिक्टर, डब्ल्यू फॉर व्हिस्की’ ही सवय लावा. बी, डी, पी यांनाही तेच. ‘डबल फाइव्ह’ म्हणू नका, ‘फाइव्ह फाइव्ह’ म्हणा. पंधरा आणि पन्नास सांगताना आकडे सुटे करून पुन्हा सांगा.

मापं. सगळं इंचात. सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश हे लहान-मोठ्या क्रमाने डोळ्यांसमोर यायला हवेत. ‘१/२-२०’ म्हणजे अर्धा इंच व्यास आणि इंचाला २० आटे. ‘१/२-१३’ हा तेवढ्याच जाडीचा पण जाड आट्यांचा बोल्ट, एकाचा नट दुसऱ्याला लागत नाही.

६. जागा कुठे शोधायच्या

कंपनीच्या स्वतःच्या नोकरीच्या पानावरून सुरू करा. ‘पार्ट्स स्पेशालिस्ट’, ‘टेक्निकल सेल्स’, ‘कॅटलॉग कंटेंट’, ‘फिटमेंट डेटा’, ‘प्रॉडक्ट डेव्हलपमेंट’ हे शब्द शोधा. फक्त कॅटलॉगवाल्यांकडेच पाहू नका. बनवणाऱ्यांकडेही माणसं लागतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डेन्व्हरची स्टील रबर, ओक्लाहोमा सिटीत हौद्याचे पार्ट बनवणारी मार-के, सॅन अँटोनियोची व्हिंटेज एअर, न्यू जर्सीतल्या बेलमॉरची अमेरिकन ऑटोवायर ही उदाहरणं. दर नोव्हेंबरात लास व्हेगासला भरणारं सेमा हे गाड्यांच्या पार्टचं प्रदर्शन मुख्यतः धंद्यातल्यांसाठी असतं, पण ऑक्टोबरातला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा जुन्या पार्टचा बाजार सर्वांना खुला आहे. तिथे पार्ट हातात घेऊन पाहता येतात आणि विक्रेत्यांशी बोलता येतं.

कॅलिफोर्नियात १५ किंवा अधिक माणसांच्या कंपनीला जाहिरातीत पगाराची मर्यादा छापावी लागते. इतर राज्यांतल्या बोलणीसाठीही तो आकडा अंदाज देतो, फक्त तिथलं घरभाडं जमेस धरा.

७. रेझ्युमे

एक पान. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालं की नाही, धर्म, पासपोर्ट क्रमांक यांतलं काहीही नको. ‘गाड्यांची आवड’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी लिहा : ‘१९६७-७२ शेव्हरोले सी-१० च्या बॉडी, ब्रेक आणि काचेच्या रबरांमधले वर्षानुसार फरक अभ्यासले आहेत’. डेटाच्या जागेसाठी एका पार्टचा नमुना एसीईएस नोंदीच्या रूपात स्वतः करून जोडा. स्पॅनिश थोडी येत असेल तर लिहा, गोदामात ती रोज लागते.

८. मुलाखत

चांगला व्यवस्थापक एक खोटा फोन लावून पाहतो. उत्तर लगेच देऊ नका, आधी प्रश्न विचारा. त्याला तेच पाहायचं असतं.

‘१९५५ शेव्हीच्या समोरच्या काचेचं रबर हवंय.’ विचारा : काच कडेला वळलेली आहे का? म्हणजे मालिका कळली. रबरात चकचकीत पट्टी बसवायची खाच हवी की साधं? मागची काच लहान की मोठी, कारण जोडीने तेही लागणार आहे.

‘१९७० च्या सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक लावायचेत.’ विचारा : चाकाला नट सहा की पाच? तीच चाकं ठेवायची की बदलायची? पुढे पाच केलेत तर मागे काय? चाकाचा व्यास किती, १५ इंचांपेक्षा लहान असेल तर कॅलिपर अडकण्याची शक्यता. ब्रेक बूस्टर आहे का?

‘डावं मडगार्ड पाठवा, १९६७.’ विचारा : ड्रायव्हरची बाजू ना? त्यावर आत्ता कडेचा दिवा आहे का? असेल तर पत्रा पुढच्या वर्षाचा आहे आणि दुसऱ्या बाजूशी जुळणार नाही.

उत्तर माहीत नसेल तर ‘पाहून वीस मिनिटांत कळवतो’ म्हणा. या धंद्यात अंदाजाने दिलेलं उत्तर हा सर्वात मोठा दुर्गुण मानतात, आणि ते योग्यच आहे.

९. कागदपत्रं

पहिल्या दिवशी आय-९ फॉर्मचा (कामाचा हक्क तपासण्याचा फॉर्म) पहिला भाग भरायचा आणि तीन कामकाजी दिवसांत मूळ कागद दाखवायचे. हाताशी ठेवा :

– ग्रीन कार्ड, ईएडी कार्ड किंवा अमेरिकन पासपोर्ट. यांतलं एक पुरतं.
– ते नसेल तर राज्याचा वाहन परवाना आणि त्यासोबत सोशल सिक्युरिटी कार्ड. कार्डावर ‘फक्त डीएचएसच्या (अमेरिकेचं गृहसुरक्षा खातं) परवानगीने कामासाठी’ अशा अर्थाची ओळ छापलेली असेल तर ते इथे चालत नाही.
– एल-२एस असेल तर ती नोंद असलेला आय-९४ आणि ओळखपत्र.
– डब्ल्यू-४ (पगारातून कर कापण्याचा फॉर्म) साठी सोशल सिक्युरिटी क्रमांक, पगारासाठी बँकेचा खाते व राउटिंग क्रमांक.
– गोदामासाठी पुढे पोलाद असलेले बूट. ते कंपनी देते का, आधी विचारा.

कोणते कागद दाखवायचे हे तुम्ही निवडायचं असतं. ‘ग्रीन कार्डच आणा’ असं मालक म्हणू शकत नाही. ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

१०. पहिला महिना

भाड्याचं गणित लवकर शिका, कारण गिऱ्हाईक त्यावरूनच भांडतं. कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची इंचात गुणून १३९ ने भागतात आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. ५० × २० × १२ इंचांच्या खोक्यातला पार्ट ३० पौंडांचा असला तरी भाडं ८७ पौंडांचं लागतं. बॉनेट, हौद्याच्या बाजू यांसारखा माल मालट्रकने जातो. अशा प्रत्येक ऑर्डरला गिऱ्हाइकाला तीन गोष्टी सांगा : उतरवायला माणूस लागेल, सही करण्याआधी खोकं उघडून पाहा, पोचा दिसला तर पावतीवरच लिहा आणि फोटो काढा. कोऱ्या पावतीवर सही झाली की भरपाई मिळवणं फार कठीण होतं.

रंगवण्याआधी पत्रा ट्रकवर लावून बघायला सांगा, फटी जुळतात का ते पाहायला सांगा. रंगवलेला, कापलेला, भोक पाडलेला पार्ट बहुतेक कंपन्या परत घेत नाहीत. ही एक ओळ ऑर्डर घेतानाच बोललात तर पुढचं अर्ध्या तासाचं भांडण टळतं.

स्टार्टर, स्टिअरिंग बॉक्स अशा पार्टवर ‘कोअर’ची अनामत असते, जुना पार्ट परत आला की ती मिळते. बिल सांगताना ही रक्कम वेगळी सांगा, नाहीतर गिऱ्हाइकाला जाहिरातीपेक्षा जास्त पैसे लावल्यासारखं वाटतं.

परताव्याच्या कारणांची यादी रोज पाहायला मागा. तुमच्या नावावरच्या ऑर्डरींपैकी काय परत आलं आणि कोणता प्रश्न विचारायचा राहिला होता ते वहीत लिहा, पिढीनुसार पानं करून. फोनवर बसताना ती वही उघडी ठेवा.

एएसई या वाहन कामगारांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची पी-२ ही पार्ट विकणाऱ्यांसाठीची परीक्षा आहे. ती पहिल्या वर्षातही देऊन ठेवता येते. प्रमाणपत्र मात्र दोन वर्षांचा अनुभव दाखवल्यावर हातात येतं. फी कंपनी भरते का, हे रुजू होतानाच विचारा.